उसनी बॅटलशिप: ‘अर्खांगेल्स्क’च्या प्रतिकृतीच्या प्रकल्प नोंदी

3 नोव्हेंबर 2024

दिवाळीच्या सुट्टीत माप ठरवून टाकलं: 1:200. मूळ जहाज 189 मीटर लांब, म्हणजे प्रतिकृती साडेचौऱ्याण्णव सेंटिमीटरची होईल. हॉलमधल्या टेबलावर कशीबशी मावेल, पण याहून लहान केली तर तोफांचं काम हाताने करण्यात अर्थ उरत नाही.

जहाज आहे ‘रॉयल सॉव्हरिन’. पोर्ट्समथच्या सरकारी गोदीत जानेवारी 1914 मध्ये बांधायला घेतलं, एप्रिल 1915 मध्ये पाण्यात उतरवलं, 1916 मध्ये ब्रिटिश आरमारात दाखल झालं. चार बुरुजांत दोन-दोन अशा 15 इंची आठ तोफा, एकच धुराडं, चिलखताचा पट्टा 13 इंच जाड. ‘रिव्हेंज’, ‘रेझोल्यूशन’, ‘रॅमिलीज’ आणि ‘रॉयल ओक’ या तिच्या चार बहिणी, म्हणजे त्याच आराखड्याची जहाजं.

मी मात्र ती ब्रिटिश जहाज म्हणून करणार नाही. ऑगस्ट 1944 मधली, सोव्हिएत झेंड्याखालची, ‘अर्खांगेल्स्क’ नावाची करणार. ब्रिटनने ही सबंध बॅटलशिप युद्ध चालू असताना सोव्हिएत आरमाराला उसनी दिली, पाच वर्षांनी परत घेतली आणि लगेच भंगारात काढली. जहाजांवरच्या पुस्तकांत या पाच वर्षांना शेवटच्या परिच्छेदातली दोन वाक्यं मिळतात. त्या दोन वाक्यांत किती माणसं दडली आहेत हे कळल्यापासून मला दुसरं कुठलं जहाज करावंसं वाटेना.

तयार झाल्यावर प्रतिकृती गावच्या शाळेच्या वाचनालयाला द्यायची आहे, सोबत मराठीत माहितीफलक. काचेची पेटी करून घेण्याचं बाईंनी कबूल केलंय.

17 नोव्हेंबर

मामांकडून शिवणीच्या फळ्या आणल्या. मामा गोदीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लाकडी साचे करणारे, होते. निवृत्त होऊन बराच काळ लोटला, पण पटाशीला धार अजून स्वतःच लावतात. सांगाडा उभारून त्यावर पट्ट्या ठोकायच्या की फळ्यांचे थर एकावर एक चिकटवून कोरायचं, यावर बरीच चर्चा झाली. मामांनी थरांच्या बाजूने कौल दिला. प्रत्येक थर पाणरेषेच्या आकारात कापायचा, मधून खुंट्या मारायच्या, फेविकॉल लावून शिकंज्यात रात्रभर आवळून ठेवायचं आणि पायऱ्या पायऱ्यांचं ते लाकूड रंध्याने उतरवत आणायचं.

आराखडा बघताना मामांचं बोट नेमकं कुशीवर थांबलं.

“हिचं पोट असं बाहेर का रे काढलंय?”

“टॉर्पेडोसाठी, मामा. तो आधी त्या फुगवट्यात फुटावा, आतल्या भिंतीपर्यंत धक्का पोहोचू नये म्हणून.”

“मग पळायला जड झाली असेल.”

झालीच होती. मूळ रुंदी 27 मीटर, फुगवट्यांसह सुमारे 31. आधीच ही जेमतेम 21 नॉटची. दुसऱ्या महायुद्धात वेगवान जहाजांच्या बरोबरीने पळणं तिला कधी जमलं नाही. तिची पुढची सगळी कहाणी याच मंदपणातून निघते, म्हणून फुगवटे वेगळ्या लाकडातून करून नंतर जोडायचे असं ठरलं. ते मागाहून बसवलेले आहेत हे बघणाऱ्याला कळलं पाहिजे.

1 डिसेंबर

खालचे तीन थर चिकटले. वाळेपर्यंत फलकाच्या मजकुराला हात घातला. शाळेतल्या मुलाला पहिला प्रश्न पडणार तो हाच, की एवढं मोठं जहाज कुणी उसनं का देतं?

सप्टेंबर 1943 मध्ये इटलीने शस्त्रं खाली ठेवली आणि तिचं आरमार माल्टाला येऊन दोस्तांच्या स्वाधीन झालं. सोव्हिएत संघाने ऑक्टोबरच्या मॉस्को परिषदेत त्यात आपला वाटा मागितला: एक बॅटलशिप, एक क्रूझर, आठ विनाशिका, चार पाणबुड्या आणि 40,000 टनांची व्यापारी जहाजं. नोव्हेंबरअखेर तेहरानला रूझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन भेटले तेव्हा हाच विषय पुन्हा निघाला. मागणीत वावगं काही नव्हतं. इटलीच्या फौजा हिटलरच्या बरोबरीने रशियात लढल्या होत्या.

अडचण अशी की तोवर इटलीचे खलाशी दोस्तांच्या बाजूने कामाला लागले होते. त्यांची जहाजं काढून तिसऱ्याला दिली असती तर त्यांनी ती आपल्या हाताने बुडवली असती, निदान काम तरी थांबवलं असतं. शिवाय उष्ण समुद्रासाठी बांधलेली ती जहाजं आर्क्टिकच्या बर्फात किती टिकणार हाही सवाल होता. मार्च 1944 मध्ये रूझवेल्ट यांनी पत्रकारांपुढे इटालियन आरमाराचा तिसरा हिस्सा सोव्हिएत संघाला जाण्याची गोष्ट काढली, तेव्हा इटलीत खळबळ उडाली. तोडगा निघाला तो असा, की इटलीची जहाजं तूर्त आहेत तिथेच राहतील आणि त्यांच्या बदल्यात ब्रिटन-अमेरिका आपल्यातली काही सोव्हिएत आरमाराला युद्धापुरती उसनी देतील.

अमेरिकेने ‘मिलवॉकी’ ही क्रूझर दिली. ती एप्रिल 1944 मध्ये ‘मुर्मान्स्क’ झाली. ब्रिटनने चार पाणबुड्या आणि जुन्या विनाशिका दिल्या. या विनाशिका मुळात अमेरिकेच्या, 1940 मध्ये तळांच्या बदल्यात ब्रिटनला मिळालेल्या. आणि बॅटलशिप दिली ती ‘रॉयल सॉव्हरिन’. सप्टेंबर 1942 पासून वर्षभर फिलाडेल्फियाच्या गोदीत तिची डागडुजी झाली होती, पण तिला पाठवावं अशी आघाडी ब्रिटिश आरमाराकडे उरली नव्हती.

जुनं तेवढं रशियाच्या गळ्यात मारलं, असं सरसकट लिहिलं जातं. मला ते अर्धवट वाटतं. सोव्हिएत संघाच्या तिन्ही जुन्या बॅटलशिप बाल्टिक आणि काळ्या समुद्रात अडकलेल्या होत्या. त्यांतली एक, ‘मारात’, सप्टेंबर 1941 मध्ये क्रोनश्टाटला जर्मन विमानांनी उद्ध्वस्त केली होती. आर्क्टिकच्या तोंडाशी लढणाऱ्या उत्तरी आरमाराजवळ एकही बॅटलशिप नव्हती. त्यांच्या दृष्टीने 15 इंची आठ तोफा ही भली मोठी गोष्ट होती.

8 डिसेंबर

सगळे थर जोडून झाले. रंधा फिरवला, मग कानस, मग 80 नंबरचा पॉलिश पेपर. पुढच्या टोकाला शिवणीचा धागा उलटा निघतोय, तिथे फक्त कानसच चालवावी लागते. पुठ्ठ्याचे साचे दर तीन सेंटिमीटरवर लावून बघितले. उजवी बाजू छान जुळली, डावीला अजून उतरवायचंय.

29 डिसेंबर

डेकच्या पट्ट्या. सागाच्या पातळ व्हिनियरमधून दीड मिलिमीटर रुंद कापल्या, कडांना पेन्सिलीचं शिसं घासलं. एकेक पट्टी चिकटवल्यावर सांध्यात डांबर भरल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते. काम वेळखाऊ आहे, पण हातांना गुंतवून डोकं मोकळं ठेवतं. डोक्यात दिवसभर एकच लढाई घोळत होती.

9 जुलै 1940, इटलीच्या बुटाच्या पुढच्या टोकाजवळचा समुद्र, कलाब्रियाची लढाई. ब्रिटिश अ‍ॅडमिरल कनिंगहॅम यांच्याकडे तीन बॅटलशिप होत्या: ‘वॉरस्पाइट’, ‘मलाया’ आणि ‘रॉयल सॉव्हरिन’. ‘वॉरस्पाइट’चं आधुनिकीकरण झालं होतं. तिच्या तोफा 30 अंशांपर्यंत वर उचलता येत. ‘रॉयल सॉव्हरिन’च्या 20 अंशांवरच अडायच्या. ‘वॉरस्पाइट’ने सुमारे 24 किलोमीटरवरून एका इटालियन बॅटलशिपवर गोळा बसवला. हलत्या जहाजावरून हलत्या जहाजावर बसलेल्या सर्वांत लांबच्या माऱ्यांमध्ये तो आजही गणला जातो. ‘रॉयल सॉव्हरिन’ मागे राहिली आणि माऱ्याच्या टप्प्यात पोहोचेपर्यंत इटालियन निघून गेले.

गोळा लागलेली ती इटालियन बॅटलशिप होती ‘जुलिओ चेझारे’. युद्ध संपल्यावर इटलीच्या आरमाराची वाटणी अखेर झाली, तेव्हा सोव्हिएत संघाच्या वाट्याला हीच आली. फेब्रुवारी 1949 च्या सुरुवातीला ‘जुलिओ चेझारे’ सोव्हिएत खलाशांच्या ताब्यात गेली आणि त्याच दिवसांत ‘अर्खांगेल्स्क’ ब्रिटनला परत पोहोचली. 1940 मध्ये एकमेकींवर चालून गेलेल्या दोघींपैकी एक दुसरीची बदली म्हणून पाच वर्षं उभी होती! हे मुलांना सांगायचंच. फलकावर त्या दोघींचे छोटे रेखाकृती आकार शेजारी-शेजारी देईन.

12 जानेवारी 2025

तोफा करायला भोसरीला गेलो. लेथवाले दादा एरवी पंपांचे शाफ्ट टर्न करतात. आठ पितळी नळ्यांचं चित्र त्यांनी बराच वेळ न्याहाळलं.

“साहेब, हा टेपर सरळ नाहीये. इथे एक पायरी, मग परत टेपर.”

“हो दादा, खरी तोफ तशीच होती. नळीवर नळी चढवून केलेली, मधे मैलोगणती पोलादी तार गुंडाळलेली.”

“तार? तोफेला?”

मग काम बाजूला राहिलं. आतली नळी, तिच्यावर ताणून गुंडाळलेली तार आणि वरून तापवून चढवलेलं बाहेरचं आवरण. आतल्या स्फोटाने नळी फाटायला बघते आणि ताणलेली तार तिला चहूबाजूंनी आवळून धरते. दादांना हे फार आवडलं. त्यांनी शेजारच्या शेडमधल्या पोरांना बोलावून सांगितलं.

खरी तोफ साडेसोळा मीटर लांब, आमची 82 मिलिमीटर. तोंडाचं भोक 381 मिलिमीटर, म्हणजे आमचं 1.9. ड्रिल मोडू नये म्हणून दादांनी आधी सेंटर मारला, मग गती वाढवून, थेंब थेंब तेल सोडत, जरा जरा आत घातलं. पितळेची बारीक सोनेरी वळी निघत होती. आठही नळ्या व्हर्नियरवर एकसारख्या उतरल्या. खऱ्या तोफेचा एक गोळा 879 किलोचा होता असं सांगितल्यावर दादा म्हणाले, “आमच्या टेम्पोला एकच गोळा पुरला असता.”

26 जानेवारी

आज झेंडा. सकाळी झेंडावंदन करून आल्यावर भाची कामाला बसली. सोव्हिएत आरमाराचा झेंडा पांढरा, खालच्या कडेला फिकट निळी पट्टी, काठीच्या बाजूला लाल तारा आणि पलीकडे लाल कोयता-हातोडा. तिने तो पातळ टिश्यूवर दोन्ही बाजूंनी रंगवला आणि ओला असतानाच पेन्सिलीवर गुंडाळून वाऱ्याची वळणं दिली.

“मामा, हा झेंडा चढवला तेव्हा जुना कुणी उतरवला?” तिने विचारलं.

ते ब्रिटिश खलाशांनीच उतरवलं. 30 मे 1944, स्कॉटलंडमधलं रोसाइथ. ब्रिटिश आरमाराचा व्हाइट एन्साइन खाली आला आणि हा वर गेला.

तो वर नेणारी माणसं तिथवर पोहोचली कशी, हे मी तिला सविस्तर सांगितलं. सोव्हिएत संघाच्या उत्तर टोकाला असलेल्या कोलाच्या खाडीतून ब्रिटनला परतणाऱ्या आरए 59 या काफिल्यातून, मालवाहू जहाजांच्या पोटात बसून, दोन हजारांहून अधिक सोव्हिएत खलाशी एप्रिलच्या अखेरीस ब्रिटनकडे निघाले. त्यांचे प्रमुख अ‍ॅडमिरल गोर्देई लेव्हचेन्को ‘फेन्सर’ या लहान विमानवाहू नौकेवर होते. 30 एप्रिलला जर्मन पाणबुडी यू-711 ने काफिल्यातली ‘विल्यम एस. थेअर’ बुडवली. तिच्यावरही सोव्हिएत खलाशी होते आणि त्यांतले कित्येक त्या पाण्यात गेले. उसनं जहाज डोळ्यांनी बघण्याआधीच! ‘फेन्सर’च्या विमानांनी त्याच सफरीत तीन जर्मन पाणबुड्या बुडवल्या.

पुढचे आठवडे शिकण्यात गेले. प्रत्येक झडपेवर, प्रत्येक स्विचवर इंग्रजी पाट्या. बॉयलरपासून बुरुजांच्या हायड्रॉलिक यंत्रणेपर्यंत सगळंच अनोळखी. नवं जहाज हाती आलं की त्याची खोड समजायलाच महिने लागतात, असं गोदीतली माणसं सांगतात. यांना ते उन्हाळा सरायच्या आत उमजून घ्यायचं होतं.

भाचीने झेंडा वाळत ठेवला आणि विचारलं, “थेअर जहाजावरच्या लोकांची नावं फलकावर येतील का?” ती माझ्याकडे नाहीत, पण जहाजाचं नाव नक्की येणार. तिने ते वहीच्या कोपऱ्यात लिहून घेतलं.

9 फेब्रुवारी

धुराडं, तिपाई डोलकाठी, चार इंची विमानवेधी जोडतोफांच्या चार जागा. सगळं सुटं करून कोरडंच बसवून बघितलं. तिपाईचे पाय पितळी सळईचे आहेत, राळ-फ्लक्स लावून डाग दिला. दिसायला सुबक झालीय.

16 फेब्रुवारी

पाणरेषा आखली. खालचा भाग दाखवायचा की समुद्रात बसवायची, यावर आज निकाल लावला: समुद्रात. ज्या सफरीसाठी ही प्रतिकृती करतोय ती ब्रिटनहून सोव्हिएत संघाकडे गेलेल्या जेडब्ल्यू 59 या काफिल्याची आहे आणि ती पाण्यावरच दिसली पाहिजे.

काफिला 15 ऑगस्ट 1944 ला स्कॉटलंडच्या लॉक यू इथून सुटला. दोन दिवसांनी ‘अर्खांगेल्स्क’ स्कापा फ्लो या ब्रिटिश आरमाराच्या तळावरून निघाली, सोबत सोव्हिएत झेंड्याखालच्या त्या जुन्या विनाशिका. काफिल्याबरोबर ‘विन्डेक्स’ आणि ‘स्ट्रायकर’ या लहान विमानवाहू नौका होत्या. त्याच सुमारास ब्रिटिश आरमाराच्या मोठ्या विमानवाहू नौका नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये दडलेल्या ‘तिर्पिट्झ’ या जर्मन बॅटलशिपवर हल्ले करणार होत्या. ती बाहेर पडली असती तर 21 नॉटची, तीस वर्षं जुनी आणि नव्या खलाशांच्या हातातली ‘अर्खांगेल्स्क’ तिच्यापुढे कितपत टिकली असती, हा विचार मनातून जात नाही. तरी ती निघाली.

21 ऑगस्टला यू-344 ने ‘काइट’ या रक्षक स्लूपवर टॉर्पेडो मारले. ‘काइट’ काही मिनिटांत गेली. 217 जण मेले, फक्त 9 वाचले. समुद्रावर तेलाचा थर आणि पाणी एवढं गार, की बाहेर ओढून काढलेल्यांपैकीही काही नंतर दगावले. दुसऱ्याच दिवशी ‘विन्डेक्स’च्या स्वोर्डफिश विमानाने यू-344 बुडवली. हे स्वोर्डफिश म्हणजे कापडी पंखांचं दुमजली विमान, आर्क्टिकच्या वाऱ्यात उघड्या कॉकपिटमध्ये बसून उडवायचं.

23 ऑगस्टला यू-711 ने ‘अर्खांगेल्स्क’वर आणि ‘झार्की’ या विनाशिकेवर टॉर्पेडो सोडले. तीच यू-711, जिने एप्रिलमध्ये ‘थेअर’ बुडवली होती. या वेळी टॉर्पेडो लक्ष्यापर्यंत पोहोचण्याआधीच फुटले. 24 तारखेला ‘अर्खांगेल्स्क’ कोलाच्या खाडीत शिरली. काफिल्यातलं एकही व्यापारी जहाज बुडालं नव्हतं.

समुद्र मी शांत दाखवणार नाही. मालाडच्या एका मॉडेलकार मित्राने रेझिनचा समुद्र ओतायची पद्धत सांगितली: थर्माकोल कोरायचा, त्यावर टिश्यूची सुरकुती, मग पातळ रेझिनचे हात. लाटांची उंचीसुद्धा 1:200 मध्येच हवी, त्यात सूट नाही. चार मीटरची लाट म्हणजे दोन सेंटिमीटर.

23 फेब्रुवारी

रेझिनचा पहिला हात ओतला. खोलीत वास कोंडलाय, खिडक्या उघड्या ठेवून झोपणं आलं.

आज वाचलेलं टिपून ठेवतो. ‘अर्खांगेल्स्क’ने सोव्हिएत झेंड्याखाली शत्रूच्या जहाजावर तोफ डागली नाही, म्हणून तिला निरुपयोगी ठरवतात. मग जर्मनांनी तिच्या मागावर एवढं का लावलं? जानेवारी 1945 मध्ये त्यांनी ‘बीबर’ या एकट्या माणसाच्या इवल्या पाणबुड्या तीन मोठ्या पाणबुड्यांच्या पाठीवर बांधल्या आणि नॉर्वेतल्या हार्स्टाडहून कोलाच्या खाडीकडे पाठवल्या. लक्ष्य होतं ही बॅटलशिप. इंजिनांच्या कंपनाने बीबरच्या इंधननळ्या गळू लागल्या, काहींत पाणी शिरलं आणि ती मोहीम अर्ध्यातूनच फिरली. नांगरावर उभी राहूनही तिने शत्रूला कामाला लावलं होतं. आरमाराचा हिशेब करताना हे धरायलाच हवं.

9 मार्च

शाळेतल्या बाईंचा फोन आला. फलकाचा कच्चा मजकूर त्यांना आवडला, पण पालकसभेत एकांनी विचारलं म्हणे, “या जहाजाचा आपल्याशी काय संबंध?”

प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल फलकाला एक लहानसा भाग जोडला. एप्रिल 1942 मध्ये जपानी विमानवाहू नौकांनी कोलंबो आणि त्रिंकोमालीवर हल्ले केले. तेव्हा ब्रिटनच्या पूर्वेकडच्या आरमारात ‘रॉयल सॉव्हरिन’ आणि तिच्या तीन बहिणी होत्या. ‘रॉयल ओक’ 1939 मध्येच स्कापा फ्लोमध्ये बुडाली होती. अ‍ॅडमिरल सॉमरव्हिल यांनी आरमाराचे दोन भाग केले. ‘वॉरस्पाइट’ आणि वेगवान विमानवाहू नौका घेऊन ते मुंबईला आले आणि या चार मंद बहिणींना पार आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, मोंबासाजवळच्या किलिंडिनीला धाडलं. त्या दिवसांत आपला पश्चिम किनारा कुणाच्या भरवशावर होता आणि तो भरवसा किती पातळ होता, हे कोकणातल्या शाळेत सांगण्याजोगं आहे.

दुसरा धागा ‘चक्रा’चा. 1988 ते 1991 अशी तीन वर्षं भारतीय नौदलाकडे सोव्हिएत संघाकडून भाडेपट्ट्यावर घेतलेली अणुपाणबुडी होती, आयएनएस ‘चक्रा’. दुसऱ्याच्या जहाजावर आपला झेंडा लावून आपली माणसं तयार करायची, ही रीत आपल्यालाही नवी नाही. बाई म्हणाल्या, “हे टाका. मुलांना पाणबुडी लगेच कळते.”

30 मार्च, पाडवा

गुढी उभारून झाल्यावर मामा आले आणि दुपारभर बुरुजांवर बसलो. बुरूज डेकला चिकटवून टाकायचे की फिरते ठेवायचे? पेटीत गेल्यावर कुणी हात लावणार नाही, चिकटवलेले सोपे. मामा ऐकेनात.

“फिरू दे रे. जहाज चालू हालतीत दाखवतोयस ना?”

त्यांचा मुद्दा त्यांना वाटला त्याहूनही बरोबर होता. फेब्रुवारी 1949 मध्ये ‘अर्खांगेल्स्क’ रोसाइथला परत आली, पुन्हा ‘रॉयल सॉव्हरिन’ झाली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तपासणी केली. मुख्य बुरूज जहाजाच्या मध्यरेषेवर जसेच्या तसे अडकून बसले होते, फिरतच नव्हते. बरीचशी यंत्रणा कामातून गेलेली. मे महिन्यात तिला फोर्थच्या खाडीतच, रोसाइथच्या शेजारी इन्व्हरकीथिंगच्या भंगारगोदीत नेऊन तोडायला घेतलं. ब्रिटिश लेखक यावरून सोव्हिएत खलाशांच्या हलगर्जीपणावर बोट ठेवतात. पण थंडीत तेल गोठतं, सुटे भाग परदेशातले, शीतयुद्ध पेटल्यावर ते मागायचे कुणाकडे? आणि ती फार काळ राहणार नाही हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. फिरते बुरूज ऑगस्ट 1944 चे आहेत आणि मला तेच जहाज दाखवायचंय.

मामांनी प्रत्येक बुरुजाखाली पितळी वॉशरची जोडी बसवली, मधून बिनडोक्याचा खिळा, वॉशरमध्ये मेणाचा हात. बोटाने ढकलला की बुरूज सावकाश वळतो आणि सोडला की तिथेच थांबतो.

त्या अडकलेल्या बुरुजांचं पुढे जे झालं ते मला या सगळ्या कहाणीत सर्वांत आवडतं. इंग्लंडमध्ये जॉड्रेल बँक इथे बर्नार्ड लोव्हेल यांना 250 फूट व्यासाची, हवी तिकडे वळवता येणारी रेडिओ दुर्बीण उभारायची होती. एवढी अवाढव्य थाळी वरखाली कलवायला तितकेच भक्कम दाते हवेत आणि नवे पाडून घ्यायचे तर खर्च आवाक्याबाहेर. अभियंते चार्ल्स हजबंड यांच्या आराखड्यात भंगारातल्या बॅटलशिपच्या 15 इंची बुरुजांमधले दातेरी भाग आले: ‘रॉयल सॉव्हरिन’चे आणि तिची बहीण ‘रिव्हेंज’चे. दुर्बीण 1957 मध्ये उभी राहिली. त्याच ऑक्टोबरात सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला आणि तो वर नेणाऱ्या रॉकेटचा माग रडारने घेणारी दुर्बीण हीच होती. एकेकाळी सोव्हिएत खलाशांनी फिरवलेले दाते सोव्हिएत रॉकेटच्या दिशेने थाळी वळवत होते. मामांना हे सांगितलं तर ते खुर्चीतून उठूनच बसले. “अरे, मग हे फलकावर सगळ्यात वर घाल!”

सगळ्यात वर नाही घालणार, पण ठळक घालेन.

20 एप्रिल

प्रतिकृती झाली. करड्या रंगाचे हात वाळले, डोलकाठीच्या दोऱ्या ताणल्या, भाचीचा झेंडा मागच्या काठीवर चढला. रेझिनच्या समुद्रात बसवताना डाव्या फुगवट्याशी दोन मिलिमीटरची फट राहत होती. पांढरा रंग मिसळलेल्या जेलने तिथे फेस केला, फट भरली.

फलकाचा शेवटचा मजकूर पाठवला. वर दोन्ही नावं एकाच आकारात: ‘रॉयल सॉव्हरिन’, ‘अर्खांगेल्स्क’. खाली या उसनवारीची किंमत ज्यांनी मोजली त्यांच्यासाठी वेगळा रकाना मागून घेतला. त्यात ‘विल्यम एस. थेअर’ आहे, ‘काइट’ आहे. व्ही-1 पाणबुडी आहे, आधीची ब्रिटिश ‘सनफिश’. शेटलंडमधून सोव्हिएत तळाकडे निघाली असताना 27 जुलै 1944 ला एका ब्रिटिश लिबरेटर विमानाने शत्रूची समजून तिला बुडवलं आणि ‘सोव्हिएत संघाचे वीर’ हा किताब मिळालेले तिचे कप्तान इझ्राएल फिसानोविच आपल्या सगळ्या साथीदारांसह गेले. ‘देयातेल्नी’ विनाशिका आहे, जी जानेवारी 1945 मध्ये कोलाच्या किनाऱ्याजवळ बुडाली. आणि ‘जुलिओ चेझारे’ आहे. ती ‘नोव्होरोसिस्क’ या नावाने सेवास्तोपोलला नांगरून असताना 29 ऑक्टोबर 1955 च्या रात्री तिच्या तळाशी स्फोट झाला आणि सहाशेहून अधिक खलाशी मेले. तो अपघात उसनवारीनंतरचा असल्याने तो ठेवावा का, असं बाईंनी विचारलं. मी ठेवायला सांगितलं. इटलीचं जहाज मागण्यापासून सुरू झालेला व्यवहार त्या रात्रीपर्यंत येतो.

पेटीची काच पुढच्या आठवड्यात येतेय. एसटीच्या पार्सलने प्रतिकृती पाठवायची हिंमत नाही, मामेभाऊ गाडी घेऊन येईल.

पुढचं काम ठरलं: ‘देयातेल्नी’, याच मापात. तीन नावांचं जहाज. आधी अमेरिकेची ‘हर्नडन’, मग ब्रिटनची ‘चर्चिल’, मग सोव्हिएत. लांबी 314 फूट, म्हणजे 48 सेंटिमीटर. शिवणीचा एक तुकडा उरलाय, मामांनी त्यावर पेन्सिलीने मध्यरेषा मारूनही ठेवलीय. धुराडी चार आहेत, त्यासाठी सहा मिलिमीटरची पितळी नळी भोसरीहून आणायची.